उपनगरांचे दीर्घकालीन विकास आराखडे : वास्तवात येण्याच्या शक्यतेची चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील शहरांच्या सीमेवर प्रथम वस्ती वाढते, नंतर ती शहरात समाविष्ट होते आणि त्यानंतर तिचा विकास आराखडा तयार होतो. या उलट्या क्रमामुळे पसरत जाणाऱ्या उपनगरांचे दीर्घ मुदतीचे आराखडे प्रत्यक्षात येऊ शकतात काय, असा प्रश्न उपस्थित होतो. तो केवळ महानगरांपुरता मर्यादित नाही. ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेल्या नांदगाव खंडेश्वरसारख्या वऱ्हाडातील गावालाही तो तितकाच लागू पडतो. प्रस्तुत लेखात राज्यातील काही अनुभवांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

कायद्याचा पल्ला आणि त्याची मर्यादा :
महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा दृष्टिपल्ला साधारणतः वीस वर्षांचा असतो. त्यात रस्ते, शाळा, उद्याने यांसाठी जमिनी आरक्षित होतात. तथापि, आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. कोणत्या वर्षी कोणती जमीन कोणत्या निधीतून घ्यावयाची, याचे बंधन नकाशा घालत नाही. याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणजे आराखडा फसण्याची शक्यता कायद्यानेच गृहीत धरली आहे.

दरम्यानच्या काळात मालकाला ती जमीन धड बांधता येत नाही, धड रास्त भावाने विकता येत नाही. परिणामी ती गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली; २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना बेघर न करणे आवश्यकच होते, हे नाकारता येणार नाही. परंतु आराखड्याची वाट पाहणारा तोट्यात आणि न पाहणारा फायद्यात, असा संदेश त्यातून गेला हेही तितकेच खरे.

पुणे शहराचा अनुभव :
पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यातील उच्च क्षमतेचा वर्तुळाकार वाहतूक मार्ग चार दशके होत आली तरी उभा राहिलेला नाही. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये लगतची गावे टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली, ती मात्र बव्हंशी इमारतींनी भरू लागल्यानंतर. नियोजनाची रेषा वस्तीच्या मागून धावत राहिली.

जमिनीचा ताबा आणि मालकाचा वाटा :
याउलट, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची दादर-माटुंगा योजना त्या काळी शहराच्या सीमेवर असूनही साकार झाली. आराखडा आखणारी आणि जमीन ताब्यात असणारी संस्था तेथे एकच होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी हेच तत्त्व ९५ गावांच्या परिसरात वापरले. परंतु जमीनधारकाचा वाटा आधी ठरला नव्हता. त्याची किंमत जानेवारी १९८४ च्या उरण परिसरातील गोळीबारात पाच आंदोलकांच्या प्राणांनी मोजावी लागली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्यानंतर आले.

हडपसरजवळील मगरपट्टा येथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीतील भाग घेतले. येथे आराखडा नगररूपात उतरला. मात्र परस्परांशी नात्याने बांधलेला समाज, विश्वासार्ह नेतृत्व आणि माहिती तंत्रज्ञान उद्योगाची मागणी हा योग सर्वत्र जुळत नाही. शिवाय अशा भागीदारीत सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतमजुराला स्थान कोणते, हा प्रश्न उरतोच.

नांदगाव खंडेश्वरच्या संदर्भात :
नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. या ७०१ किलोमीटर मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मार्गालगत कृषी समृद्धी नवनगरे वसविण्याची संकल्पना त्याच प्रकल्पाचा भाग होती. त्यासाठी आरंभी मांडलेल्या भूसंचय योजनेपेक्षा शेतकऱ्यांनी थेट खरेदीला पसंती दिली. ही पसंती अविवेकी म्हणता येणार नाही. कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर जगणाऱ्या कुटुंबाला हाती येणारी रक्कम, पुढे केव्हातरी मिळणाऱ्या विकसित भूखंडापेक्षा अधिक खात्रीची वाटते. म्हणूनच रस्ता पूर्ण झाला आणि नवनगरे मागे पडली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की दीर्घकालीन आराखडा अशक्य नाही. मालकाला अनिश्चित काळ थांबवून ठेवणारा आराखडा मात्र अशक्य आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून उपलब्ध असलेली नगररचना योजना या संदर्भात अधिक उपयुक्त ठरते. तीत जमिनी एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा काढल्या जातात, उरलेली जमीन अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते आणि वाढलेल्या मूल्यातून खर्चाचा काही भाग निघतो. मर्यादित उत्पन्नाच्या नगरपंचायतीस सर्व आरक्षणे विकत घेणे परवडणारे नाही. परंतु गावालगतची शेते तुटक ले-आउटांत विभागली जाण्यापूर्वी अशी छोटी योजना हाती घेणे तिच्या आवाक्यातील आहे. पुण्याच्या सीमेवर ही वेळ बव्हंशी निघून गेली. नांदगाव खंडेश्वर येथे ती अद्याप हातात आहे.