फॅनी बर्नीचे शस्त्रक्रियाविषयक पत्र

इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी (१७५२–१८४०) हिच्या उजव्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यवैद्य लारे हे शस्त्रकर्ते होते. या प्रसंगाची हकीकत सांगणारे, बहीण एस्थर हिला लिहिलेले तिचे दीर्घ पत्र १८१२ सालचे आहे. ईथरची भूल १८४६ मध्ये प्रचारात आली. अर्थातच बर्नीला सर्व काही शुद्धीत सोसावे लागले, आणि पत्राची कीर्तीही बहुतांशी त्यातील वेदनावर्णनावर उभी आहे. पत्राचे मर्म मात्र वेगळ्या ठिकाणी आहे.

या पत्रात रुग्णाला फारसे काही सांगितले जात नाही. तिला ते ताडावे लागते. वैद्यांचे मत ती मुद्रांवरून ओळखते. दोन जुन्या गाद्या व एक जुनी चादर मागविली जाताच पुढचे तिला उमगते. मग तोंडावर तलम रुमाल येतो. पण त्यातून सारे दिसत राहते. स्तन कोण धरील, असे लारे विचारतात. कोणी उत्तर देत नाही. द्युबुआ यांचे बोट हवेत उभी रेघ, मग फुली, मग वर्तुळ काढते. संपूर्ण स्तन काढावयाचा, असा त्याचा अर्थ. ती रुमाल फेकून उठते, आपणच धरू म्हणते, आणि सर्व कळा एकाच बिंदूतून उठतात हे समजावून देते. सात पुरुष लक्षपूर्वक, निःशब्द ऐकतात. तिला पुन्हा निजविण्यात येते, रुमाल पसरला जातो, आणि बोट पुन्हा तीच फुली, तेच वर्तुळ काढते.

शस्त्रक्रियेस तिची संमती होती, हे येथे विसरता कामा नये. ती किती व कोठवर, हे मात्र खुणांनी ठरले. वैद्यांना तिने निर्दय रंगविलेले नाही. लारे यांचा चेहरा दुःखाने पांढरा पडलेला ती नोंदविते. ते निर्दय असते, तर हे पत्र केवळ तक्रार ठरले असते.

शस्त्रक्रियेची वेळ तिने स्वतःही पतीपासून लपविली होती. वैद्यांच्या वर्तनाशी असलेल्या या साम्यावर ती कोठेही भाष्य करीत नाही. वाचकाला ते जाणवल्यावाचून राहत नाही.

पत्र पुरे होण्यास काही महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. वाक्ये अनेकदा मध्येच तुटतात. त्या बोटाच्या प्रसंगी मात्र घटनांचा क्रम यत्किंचितही ढळलेला नाही.