बेटावरचं झाड आणि आपली कुंडी

बोन्सायवर बोलताना आपण बहुतेक वेळा कारागिरीबद्दल बोलतो. तार कशी बांधली, फांदी कुठे वळवली, मुळं किती छाटली. आज त्याच्या एक पायरी आधीचा प्रश्न घेऊ या: झाड आलं कुठून? उष्ण प्रदेशातल्या बेटांवरच्या बोन्सायची समीक्षा या प्रश्नाला वळसा घालून करता येणार नाही, असं आमचं म्हणणं आहे.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे बोलणं भरकटणार नाही. पेम्फिस असिड्युला नावाचं एक झुडूप आहे. फिलिपिन्समध्ये त्याला बंतिगे म्हणतात, इंडोनेशियात संतिगी. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या किनाऱ्यांवर ते वाढतं. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारलाही आहे. कूळ म्हणाल तर मेंदीचं, म्हणजे डाळिंब आणि आपलं ताम्हण यांचं हे भावंडच. पान लहान आणि जाडसर, फूल पांढरं, लाकूड अतिशय कठीण. प्रवाळाच्या खडकात, जिथे माती नावालाच असते, तिथे ते खारा वारा खात उभं असतं. शेंडे करपतात, फांद्या वाळतात, खोडाची एक बाजू मरते आणि दुसरी जगते.

बोन्साय करणाऱ्याला आणखी काय हवं? जपानी परंपरेत अशा वाळक्या फांदीला जिन म्हणतात आणि खोडावरच्या साल गेलेल्या पांढऱ्या पट्ट्याला शारी. इथे ती दोन्ही आयती मिळतात. पण मग बघा, प्रदर्शनात आपण ज्या म्हातारपणाला दाद देतो, ते घडवलं कुणी? खडकानं आणि वाऱ्यानं. कलाकारानं ते उचलून आणलं. निवड करणं हीदेखील कला आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण निवडीचं श्रेय द्यायचं, तर निवडीचा हिशेबही मागायला हवा.

हिशेब काय? या झाडाची मुळं खडकाच्या भेगांत लांबवर गेलेली असतात. उपटताना बारीक मुळं तुटतात आणि हातात येतं ते नुसतं खोड. जी झाडं यातून जगत नाहीत, ती प्रदर्शनात येत नाहीत. म्हणजे मांडणीवर आपल्याला फक्त जगलेली दिसतात, आणि आपली समीक्षा तेवढ्यावरच चालते. फिलिपिन्समध्ये वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा 2001 पासून आहे आणि परवानगीशिवाय रानातलं झाड काढणं हा तिथे गुन्हा आहे. तरीही प्रदर्शनात दाद मिळत राहिली की चोरट्या खोदकामाला मागणी राहते. म्हणजे दाद देणारे आपणही त्या साखळीत आलो.

आता कुणी म्हणेल, जपाननं तरी काय वेगळं केलं? खरं आहे. इतोइगावाच्या कड्यांवरचे जुने जुनिपर लोकांनी इतके काढले, की रानात फारसे उरले नाहीत. पण त्यानंतर त्याच झाडांच्या फांद्यांपासून कलमं झाली, आणि आज त्या नावाची असंख्य झाडं रोपवाटिकांतून येतात. ताकामात्सूजवळच्या किनाशी भागात पाइन तर शेतात लावून वाढवतात. परंपरेतून उचलायचंच असेल, तर कड्यावर चढणं सोडून हे शेत उचलावं.

बंतिगे बियांपासून होते, छाट कलम आणि गुटी कलमानंही होते. कुंडीत समुद्राचं पाणी लागत नाही. साधं पाणी भरपूर, निचरा चांगला आणि ऊन कडक, एवढं पुरतं. अडचण एकच: ती सावकाश वाढते. खोडाला वय दिसायला कित्येक वर्षं लागतात, आणि लाकूड कठीण असल्यानं वळण कोवळेपणीच द्यावं लागतं. पण काळ हातात धरून काम करणं, हीच तर बोन्सायची मूळ अट आहे, नाही का?

दुसरी तक्रार आकाराची. बेटावरच्या झाडाला पाइनचे गादीसारखे थर देण्याचा सोस आपल्याला फार. त्यासाठी शेंडे सतत खुडले, की फूल येणार कुठून? वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं रूप, ज्याला फुकिनागाशी म्हणतात, ते या झाडाच्या स्वभावातच आहे. परीक्षकानं आधी हे झाड किनाऱ्यावर कसं उभं असतं ते बघावं, मग गुण द्यावेत.

आणि झाड शोधायला दूरच्या बेटावर जायलाच हवं का? दशमुळांतला अग्निमंथ, म्हणजे नरवेल, कोकण किनाऱ्यावरही आहे आणि पॅसिफिकच्या बेटांवरही. ती छाट कलमानं सहज लागते. स्थानिक झाड शोधणं म्हणजे जात ओळखणं. म्हातारं खोड हेरून ते खणून आणणं नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रदर्शनात प्रत्येक कुंडीसमोर झाडाचं नाव असतं, वय असतं. त्याखाली आणखी एक ओळ असावी: बियांपासून, कलमापासून, की रानातून. ती ओळ वाचल्याशिवाय आपण टाळी वाजवू नये.