'जोतिबा' : व्युत्पत्ती, अर्थ आणि अधिकार

शब्द कोठून आला आणि तो काय सांगतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपल्या अभ्यासपरंपरेत त्यांची गल्लत वारंवार होते. शब्दाचे मूळ हाती लागले की त्याचा 'खरा' अर्थही हाती लागला, हे व्युत्पत्तीच्या बहुतेक चर्चांमागील गृहीतक होय. इंग्रजी समीक्षेत विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथात 'ऑनेस्ट', 'सेन्स' अशा नित्याच्या शब्दांची अनेकार्थता तपासली. रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्स' (१९७६) मध्ये 'कल्चर'सारख्या शब्दांचा सामाजिक इतिहास मांडला. 'कल्चर'चे मूळ जमिनीच्या मशागतीत आहे. परंतु म्हणून संस्कृती म्हणजे नांगरट, असे कोणी म्हणत नाही. मुळाची ही मर्यादा आपण देवतानामांच्या बाबतीत मात्र पाळत नाही. देवतेच्या नावात श्रद्धा, जात आणि व्याकरण एकत्र आलेली असल्याने तेथे व्युत्पत्ती हा लगेच अधिकाराचा प्रश्न बनतो. 'जोतिबा' हे नाव याचे ठळक उदाहरण आहे.

कोल्हापूरच्या वायव्येस पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरी येथील डोंगरावर या देवाचे स्थान आहे. केदारलिंग, केदारनाथ ही त्याची ग्रांथिक नावे. लोकांच्या तोंडी तो जोतिबा आहे, आणि छापील मजकुरात बहुधा 'ज्योतिबा'. या एका 'य'काराभोवती जो विचार घुटमळतो, तो प्रथम भाषाशास्त्राच्या अंगाने पाहू.

नावाचा संबंध 'ज्योति' या संस्कृत शब्दाशी जोडणे ही सर्वमान्य उपपत्ती. ध्वनिनियमांच्या दृष्टीने तिच्यात एक अडचण दिसते. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'त' प्राकृतात लोपतो. 'ज्योतिस्'चे प्राकृत रूप 'जोइ' असे होते. याच कुळातील 'ज्योतिषी' हा शब्द 'जोइसी' या पायरीवरून 'जोशी' झाला आणि त्यात 'त' उरला नाही. मग 'जोतिबा'त तो कसा टिकला? उत्तर असे, की 'जोति' हे रूप प्राकृतातून वाहत आलेले तद्भव नसून संस्कृतातून नंतर उचललेले आणि मराठी उच्चाराने घडविलेले अर्धतत्सम आहे. आरंभीचे जोडाक्षर सैल झाले, उर्वरित शब्द शाबूत राहिला.

दुसरी शक्यता अधिक मोहक आहे. मराठीत 'जोत' म्हणजे औत, बैलांसह नांगर. संस्कृत 'योक्त्र' म्हणजे जू बांधण्याची दोरी. त्याचे प्राकृत 'जोत्त' आणि मराठी 'जोत'. येथे ध्वनिपरिवर्तन निर्वेध आहे, कारण मूळच्या जोडाक्षरामुळे 'त' सुरक्षित राहिला. ज्या देवाचे भक्त प्राधान्याने शेतकरी आहेत, त्याच्या नावात नांगर सापडावा, याहून समाधानकारक काय असणार? परंतु समाधान हा पुरावा नव्हे. 'बा' लागताना अकारान्त नामांचे रूप प्रायः ओकारयुक्त होते: खंडोबा, विठोबा, बिरोबा. 'जोत'पासून देव घडला असता, तर 'जोतोबा' किंवा फार तर 'जोतबा' अपेक्षित होता. 'जोतिबा'तील इकाराचा उलगडा 'ज्योति'वाचून होत नाही. नांगराची व्युत्पत्ती आपल्याला कितीही हवीशी वाटली, तरी ती सोडून द्यावयास हवी.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. देशी दाराने बाहेर पडलेले शेत संस्कृतच्या दाराने आत येते. 'केदार' या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ 'शेत', त्यातही पाणी खेळविलेले शेत, असा आहे. 'अमरकोशा'त तो 'वप्र' आणि 'क्षेत्र' यांच्या पंक्तीत येतो. पुढे हाच शब्द हिमालयातील तीर्थाचे, शिवाचे आणि एका रागाचेही नाव झाला. म्हणजे ज्यांना देवाचे उन्नत, ग्रांथिक नाव हवे होते, त्यांनी दिलेले नाव शेताचे निघाले. आणि जे नाव रांगडे समजले जाते, ते प्रकाशाचे. अर्थात डोंगरावरच्या केदाराला नाव देताना कोणाच्या मनात पाण्याखालची जमीन होती, असे यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की मुळाच्या आधारे 'वरचे' आणि 'खालचे' शब्द ठरवू पाहणाऱ्याचा पाय कोठेही घसरू शकतो.

व्युत्पत्तीचा आणखी एक प्रकार मराठीत आहे, आणि त्याचे नाते याच नावाशी आहे. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास जन्म झाला म्हणून फुले यांचे नाव जोती ठेवले गेले, असे सांगितले जाते. त्यांच्या 'गुलामगिरी'त (१८७३) धोंडीराव प्रश्न करतो आणि जोतीराव उत्तर देतात. या संवादात खंडोबाचा संबंध प्रदेशवाचक 'खंडा'शी लागतो, म्हसोबा हा 'महासुभा' ठरतो आणि जोतिबालाही बळीच्या राज्यव्यवस्थेत अधिकाराचे स्थान मिळते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या व्युत्पत्ती टिकणार नाहीत. तथापि 'चुकीच्या' म्हणून त्या बाजूला सारणे ही वाचनातील मोठी चूक होईल. ज्या देवांना पुराणांनी आपल्या वंशावळीत दुय्यम जागा दिली, त्यांना फुले पुराणाबाहेर काढतात आणि एका न्यायी राज्याचे अधिकारी म्हणून उभे करतात. पुराणकारांनीही दुसरे काय केले होते? त्यांनी लोकदेवांच्या नावांना कथा जोडल्या. फुले त्याच साधनाने प्रतिकथा रचतात. येथे व्युत्पत्ती ही समीक्षेची कृती आहे. तिला शास्त्र म्हणून तपासणे एक, संहितेतील युक्तिवाद म्हणून वाचणे दुसरे; दोन्ही वाचने आवश्यक आहेत आणि एकाने दुसरे रद्द होत नाही.

मग नावाचा अर्थ राहतो कोठे? तो वापरात राहतो. चैत्र पौर्णिमेला गावोगावच्या उंच सासनकाठ्या डोंगरावर येतात. सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीला पहिला मान असतो. 'सासन' या शब्दाचे 'शासना'शी असलेले नाते उघड आहे. शासन म्हणजे आज्ञा, दंड, ताम्रपटावर कोरलेले दानपत्र, आणि आज सरकार. काठीच्या संदर्भात यांपैकी कोणताही अर्थ पुरता लागू पडत नाही, तरी मान, हक्क आणि क्रम यांची छटा त्या शब्दात टिकून आहे. गावागावांतील नाती तो शब्द आजही नियंत्रित करतो. तीच गोष्ट 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' या गजराची. 'चांग' हा हेमचंद्राच्या 'देशीनाममाले'त नोंदला गेलेला शब्द, 'भलं' हा प्राकृत 'भल्ल'चा वंशज. दोहोंचा अर्थ एकच, चांगले. गजरात भर 'नावा'वर आहे. गुलालात न्हालेला यात्रेकरू ज्या नावाने सर्वांचे भले मागतो, त्या नावात 'य' नाही.

'ज्योतिबा' हे रूप शुद्ध आणि 'जोतिबा' अशुद्ध, या समजुतीचा विचार आता करता येईल. मूळ 'ज्योति' आहे, हे आपण मान्य केले आहे. पण मूळ संस्कृत असणे हे जर 'य' परत आणण्याचे कारण असेल, तर तोच न्याय 'जोशी' या आडनावाला का लावला जात नाही? 'जोशी' लिहिणाऱ्याला 'ज्योतिषी' लिहा, असे कोणी सांगत नाही. तेथे झिजलेले रूप हे प्रतिष्ठित रूप आहे. 'जोतिबा'त मात्र तीच झीज अडाणीपणाची खूण ठरते. हा फरक व्याकरणाने केलेला नाही. शब्द कोणाचा आहे, यावरून तो केलेला आहे.

फुले यांच्या नावाचेही असेच झाले. त्यांनी आपल्या ग्रंथांवर 'जोतीराव गोविंदराव फुले' असे नाव छापले. उत्तरेत 'ज्योतिबा' रूढ झाले. बरेलीच्या विद्यापीठाला १९९७ मध्ये तेच रूप मिळाले. दुसऱ्या भाषेने नाव आपल्या उच्चारात घ्यावे, यात वावगे काही नाही. आक्षेप आहे तो मराठी छपाईतील, पाठ्यपुस्तकांतील आणि उत्तरपत्रिकांवरील लाल शाईतील दुरुस्तीला. ग्रंथकाराने स्वतः लिहिलेले नाव बदलणे हा पाठसंपादनातील दोष आहे, आणि तो दोष म्हणूनच नोंदला जावयास हवा.

व्युत्पत्तीकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नव्हे. ती नीट केली, तर आपल्या आवडीच्या निष्कर्षांनाही ती नकार देते, हे नांगराच्या बाबतीत आपण पाहिले. तिच्याकडून मिळते ती वंशाची माहिती. वारस कोण, हे ठरविण्याचा अधिकार तिचा नाही. तो बोलणाऱ्यांचा आहे.