‘बरे आहे’ या उत्तराचा अर्थ : अतिवृद्धांच्या स्वास्थ्याच्या अभ्यासपद्धतीसंबंधी काही विचार

पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या व्यक्तीचे स्वास्थ्य कोणत्या प्रमाणाने मोजावे, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एक प्रश्नावली असते. आणि प्रश्नावली ही प्रथमतः भाषिक वस्तू आहे. वृद्धाच्या चालण्याचा वेग घड्याळाने मोजता येतो, हाताच्या पकडीची शक्ती यंत्राने मोजता येते. परंतु तो समाधानी आहे की नाही, हे त्याला विचारावेच लागते. या विचारण्या-सांगण्यात काय घडते, याकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषाभ्यासकाने वैद्यकाच्या अंगणात पाऊल टाकण्याचे कारण एवढेच.

या दृष्टीने नेदरलँड्समधील लायडन येथील अभ्यास विशेष विचारात घेण्याजोगा आहे. 1997 ते 1999 या काळात वयाची 85 वर्षे पूर्ण करणाऱ्या नगरवासीयांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. त्यांतील 599 व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला फॉन फाबर व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 2001 साली प्रसिद्ध झाला. ‘यशस्वी वार्धक्य’ ही रो व कान यांनी 1987 साली रूढ केलेली संज्ञा येथे कसोटीस लावली आहे. शारीरिक क्षमता, सामाजिक व्यवहार, मन व बुद्धी आणि समाधान या सर्व बाबतींत जो उत्तम ठरेल तो यशस्वी, अशी संशोधकांची अट होती. निष्कर्ष असा निघाला की समाधानाच्या मापनात 45 टक्के लोक उत्तम ठरले, एकूण कार्यक्षमतेत केवळ 13 टक्के, आणि सर्व अटी पुऱ्या करणारे अवघे 10 टक्के, म्हणजे 58 जण.

एवढ्यावरच हे संशोधक थांबले असते तर त्यांचा लेख इतर शेकडो लेखांसारखा एक ठरला असता. परंतु त्यांनी 27 वृद्धांशी सविस्तर संभाषणे केली, आणि तेथे निराळेच चित्र दिसले. या वृद्धांच्या लेखी यश ही प्राप्त झालेली अवस्था नव्हती. ती जुळवून घेण्याची चालू असलेली क्रिया होती. शरीर व बुद्धी यांच्या क्षमतेपेक्षा मनाचे समाधान व माणसांचा सहवास यांना ते अधिक मोल देत होते. हा भेद मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुळात व्याकरणिक आहे. मापनश्रेणी विशेषणाची अपेक्षा करते : उत्तम, चांगले, वाईट. वृद्ध मनुष्य क्रियापदात बोलतो. आपल्याकडील म्हातारी माणसेही प्रकृतीविषयी विचारले असता ‘चालले आहे’, ‘निभते’, ‘भागते’, ‘आपले आपण करतो’ असेच म्हणतात. ही सारी अपूर्ण क्रियेची रूपे आहेत. त्यांचे विशेषणात रूपांतर करून चौकटीत खूण करणारा मुलाखतकार भाषांतर करीत असतो, आणि हे भाषांतर कोणी तपासत नाही. लायडनच्या संशोधकांविषयी माझी तक्रार असलीच तर ती हीच, की संभाषणांतून हाती आलेल्या या बोधाचा उपयोग त्यांनी आकड्यांचा अर्थ लावण्यास केला, प्रश्नच बदलून पाहण्यास केला नाही.

न्यूकॅसल येथे 1921 साली जन्मलेल्या व्यक्तींचा अभ्यास 2006-07 मध्ये सुरू झाला. एक हजारावर व्यक्तींपैकी एकही पूर्णपणे रोगमुक्त आढळली नाही. तरीही आपल्या वयाच्या इतरांच्या मानाने आपली प्रकृती चांगली, फार चांगली वा उत्कृष्ट आहे, असे 78 टक्के लोकांनी सांगितले. या विसंगतीचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे. परंतु प्रश्नाची रचना पाहावी. ‘आपल्या वयाच्या इतरांच्या मानाने’ असे म्हटले की तुलनेस दुसरा पक्ष लागतो, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तो पक्ष बहुतांशी कालवश झालेला असतो. ‘माझ्या वयाचे आता उरले आहे कोण?’ हा उद्गार म्हाताऱ्यांच्या तोंडी आपण नेहमी ऐकतो. अशा स्थितीत ‘उत्कृष्ट’ या उत्तराचा अर्थ ‘मी अद्याप आहे’ इतकाच असणे अशक्य नाही.

मराठी भाषकांपुरता हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत 45 वर्षे व त्यावरील वयाच्या 72,000 हून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या, आणि तिचा अहवाल 2021 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र व गोवा तीत अर्थातच आले. अशा पाहण्यांत प्रकृतीच्या साधारणतः पाच श्रेणी असतात, आणि इंग्रजीतील ‘फेअर’ या मधल्या श्रेणीशी मराठी अनुवादक अडतो. सहज सुचणारा शब्द ‘बरे’. पण ‘ताप बरा झाला’ म्हणताना हा शब्द पूर्ण आरोग्य दर्शवितो, ‘जेवण बरे होते’ म्हणताना तो स्तुती हात राखून करतो, आणि ‘बरे आहे ना?’ या कुशलप्रश्नाच्या उत्तरात तर तो केवळ शिष्टाचार पाळतो. तीन अर्थांचा शब्द मोजपट्टीच्या मध्यावर बसविला तर तिच्या दोन्ही टोकांचे मोल अनिश्चित होते.

‘स्वास्थ्य’ हा शब्दही निर्धोक नाही. स्वतःच्या ठायी स्थित असणे हा त्याचा मूळ अर्थ सुंदर आहे. परंतु व्यवहारात ‘आजोबा, तुम्ही स्वस्थ बसा’ या वाक्याने वृद्धाला घरच्या कारभारातून बाजूस सारले जाते. ‘क्षेम’ हा शब्द अधिक नेमका झाला असता, पण तो आता पत्रांच्या मायन्याखालीही क्वचितच आढळतो. याउलट ‘हातपाय चालताहेत तोवर’ या एका वाक्प्रचारात स्वावलंबन, प्रतिष्ठा आणि मृत्यूविषयीची अपेक्षा या तिन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांसाठीच्या जीवनमान-प्रश्नावलीत स्वायत्तता व मृत्यू यांची सदरे वेगवेगळी आहेत. मराठी मनुष्य त्यांचा विचार एका दमात करतो, हे अनुवादकाने जाणले पाहिजे.

असे काम अशक्य नाही. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांची स्मरणशक्ती तपासण्यासाठी गांगुली प्रभृतींनी 1995 साली प्रसिद्ध केलेली हिंदी चाचणी हे त्याचे उदाहरण होय. मूळ अमेरिकी चाचणीतील वाचन-लेखनावर आधारलेले प्रश्न तेथे शब्दशः न उतरविता त्या लोकांच्या व्यवहारातून नव्याने घडविले गेले. समाधानाच्या प्रश्नावल्यांना हा मान क्वचितच लाभतो.

शेवटी प्रतिनिधीच्या उत्तरांचा मुद्दा. अतिवृद्ध स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा सून वा मुलगा उत्तर देतो. प्रथमपुरुषी ‘मला बरे वाटते’ याच्या जागी ‘त्या बऱ्या आहेत’ असे तृतीयपुरुषी विधान येते. पहिले अनुभवाचे कथन आहे, दुसरे निरीक्षणाचे. शिवाय पुष्कळदा ते त्या वृद्धेच्या देखतच केलेले असते. आजारपणाचे तपशील अशा रीतीने मिळविता येतात, परंतु समाधानाविषयीचे प्रश्न प्रतिनिधीस सहसा विचारले जात नाहीत. त्यामुळे ज्यांची वाचा वा स्मृती गेली आहे, त्यांच्या नोंदीत रोगांची यादी भरलेली असते आणि समाधानाचा रकाना कोरा राहतो. मग त्या वयाच्या समाधानाची जी टक्केवारी छापली जाते, ती बोलू शकणाऱ्यांची असते.