साबणाच्या वेष्टनावरचे हिरवे पान

किराणा दुकानातल्या साबणांच्या वेष्टनांवर आता हिरवी पाने दिसतात. त्याखाली 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही', 'केमिकल-फ्री' अशी विशेषणे असतात. पर्यावरणाच्या तासाला आपणही मुलांना सांगतो, 'घरात पर्यावरणस्नेही साबण वापरा.' हा उपदेश चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे आम्हांला वाटते. साबण बरा की वाईट हे नुसती वडी पाहून ठरत नाही. ती कोणत्या पाण्यात विरघळते आणि ते पाणी शेवटी कोठे जाते, हेही पाहावे लागते. वेष्टन याबाबत काहीच सांगत नाही.

प्रथम विशेषणे तपासू. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर तापवली की साबण व ग्लिसरीन तयार होतात. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार, म्हणजेच एक रसायन. तेव्हा 'केमिकल-फ्री साबण' या शब्दांना अर्थच उरत नाही. 'नैसर्गिक' या शब्दाचीही तीच गत आहे. रिठ्याच्या सालीत फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती नैसर्गिक खरी, पण माशांना घातक आहेत. सॅपोनिन असलेली फळे ठेचून पाण्यात टाकायची आणि मासे धरायचे, ही अनेक प्रदेशांतली जुनी रीत आहे. साबणात वापरले जाणारे पाम तेलही झाडाचेच. पण त्याच्या लागवडीसाठी इंडोनेशिया व मलेशियात मोठ्या प्रमाणावर जंगले तोडली गेली आहेत.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' योजना आणली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह, आणि साबण व डिटर्जंट तिच्या यादीत होते. योजना ऐच्छिक होती आणि फार थोडे उत्पादक तिच्याकडे वळले. २०२४ साली तिच्या जागी नवे नियम आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, पुराव्याशिवाय पर्यावरणविषयक मोघम दावे करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा नियमांची गरज आहेच. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर डिटर्जंटचा फेस साचू लागला, कारण त्यातील शाखायुक्त रेणू जिवाणूंना सहज पचत नव्हते. पश्चिम जर्मनीत १९६४ साली त्याविरुद्धचा कायदा अमलात आला. अमेरिकी उत्पादकांनी १९६५ साली सरळ साखळीचे रेणू स्वीकारले. घटक बदलल्याचा फायदा झाला, यात शंका नाही.

परंतु कारखान्यात केलेली तपासणी घरापर्यंत पोचत नाही. वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातल्या रिठद या गावाचे उदाहरण घेऊ. (नाव ऐकून रिठा आठवेल, पण नुसत्या नावावरून निष्कर्ष काढण्याची सवयच तर आपल्याला मोडायची आहे.) हा सारा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. अशा खडकातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. ते पाणी दुष्फेन असते. समजा, अशा पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा २०० आहे; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. तेव्हा ३०० हा आकडा काही जगावेगळा नव्हे.

आता हिशेब करू. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू अडकवतो आणि त्यांचा न विरघळणारा पांढरा साका होतो. या हिशेबाने लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या बादलीत सुमारे ३७ ग्रॅम साबण फेस येण्यापूर्वीच वाया जातो. वडी कितीही 'हिरवी' असो, हा तोटा चुकत नाही. तेवढीच कठीणता घालवायला निर्जल धुण्याचा सोडा साडेसहा ग्रॅमच्या आसपास पुरतो. पावसाचे साठवलेले पाणी असेल, तर तोही लागत नाही.

मग सोडाच वापरावा काय? येथे पाणी कोठे जाते हा प्रश्न येतो. धुण्याचे पाणी परसातल्या केळीला किंवा अळूला सोडले जात असेल, तर त्यातील सोडियम काळ्या मातीत साचतो. अशा मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून सोडा मोजून घालावा आणि ते पाणी रोज एकाच वाफ्याला देऊ नये. याउलट कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावाकाठी मुख्य काळजी फॉस्फेटची. त्यावर शेवाळ व जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. एकच पुडा दोन गावांत दोन वेगळे परिणाम करतो. हिरवे पान मात्र दोन्हीकडे तेच असते.

हे मुलांना सांगण्यापेक्षा करून दाखवावे. एक ग्रॅम साबणाचा कीस १०० मिलिलिटर कोमट पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. अंगाच्या काही वड्यांत कृत्रिम डिटर्जंट असते, म्हणून कपड्यांचा साधा साबण घ्यावा. एका बाटलीत ५० मिलिलिटर विहिरीचे व दुसरीत तितकेच पावसाचे पाणी घ्या. द्रावण एकेक मिलिलिटर घालून बाटली हलवा. दोन मिनिटे फेस टिकेपर्यंत किती द्रावण लागले ते लिहा. कठीणता ३०० असेल, तर शुद्ध साबणाचे सुमारे ९ मिलिलिटर द्रावण लागावे. मग विहिरीचे पाणी उकळून व गाळून तोच प्रयोग पुन्हा करा. आकडा उतरला, तर तेवढी कठीणता तात्पुरती होती.

यानंतर मुलांनी घरचे वेष्टन वर्गात आणावे आणि वहीत तीन प्रश्न लिहावेत: आमचे पाणी किती कठीण आहे? धुण्याचे पाणी कोठे जाते? महिन्याला साबण किती ग्रॅम लागतो? या तिन्हींची उत्तरे त्यांना घरी आणि गावातच शोधावी लागतील. ती मिळाल्यावर वेष्टनावरचे हिरवे पान पुन्हा पाहावे आणि त्याला किती गुण द्यायचे ते मुलांनीच ठरवावे.