पाचशे मैलांची ईमेल आणि गॅरेजची दंतकथा

सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या किश्शांपैकी ट्रे हॅरिस यांनी २००२मध्ये लिहिलेला किस्सा मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. ते विद्यापीठाची ईमेल-यंत्रणा सांभाळत होते. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी फोन करून सांगितले, की आमची ईमेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. हॅरिस यांनी शहराशहरांत ईमेल पाठवून पाहिली. ४२० मैलांवरच्या न्यूयॉर्कला पोचली, ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही. सर्व्हरची प्रणाली अद्ययावत करण्याच्या भरात ईमेल पाठवणाऱ्या सेंडमेल या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती बसली होती. नव्या आवृत्तीसाठीच्या सेटिंग तिला कळेनात, त्यामुळे समोरच्या यंत्राची वाट पाहण्याची मुदत शून्य झाली. प्रत्यक्षात तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळाने जोडणी तुटे. तेवढ्यात प्रकाशही साधारण ५५८ मैलच जातो, मग संदेश त्यापलीकडे कसा पोचणार!

उत्तर परत यायलाही वेळ लागतो, त्याचे काय, असे जाणकार विचारतात. गोष्ट रंगावी म्हणून थोडे फेरफार केल्याचे हॅरिस यांनी आरंभीच सांगितले आहे. मला ते खटकत नाही. अशक्य वाटणाऱ्या तक्रारीवर विश्वास ठेवून ती मोजून पाहायची, ही कामाची रीत त्या गोष्टीत पुरती उतरली आहे.

अशा गोष्टी करमणुकीपुरत्या नसतात. झेरॉक्सच्या दुरुस्ती-कामगारांवरच्या १९९६च्या पुस्तकात मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी दाखवले, की यंत्राची खरी विद्या मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या बिघाडांच्या कहाण्यांतून फिरते.

आज मात्र बोलबाला आहे तो संस्थापकांच्या कथांचा. अ‍ॅपलचा जन्म जिथे झाला असे मानतात, त्या गॅरेजमध्ये रचनेचे वा बांधणीचे काम झालेच नाही, असे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी स्वतः सांगूनही ते गॅरेज तीर्थक्षेत्र झाले. १९८१मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसची, सुधा मूर्तींनी पतीला भांडवल म्हणून दिलेल्या दहा हजार रुपयांची हकीकत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तिच्यात त्याग आहे, जिद्द आहे. पहिला प्रोग्रॅम कुठे अडला, हे नाही.

कामगाराच्या किश्शाची जागा आता बिघाडाच्या अहवालाने घेतली आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला, बॅकअप ऐनवेळी उपयोगी पडले नाहीत. कंपनीने सारे उघडपणे मांडले, अभियंत्यावर खापर फोडले नाही. हा मोठेपणाच. पण या अहवालांच्या प्रकारात घटनाक्रम मिनिटागणिक मिळतो आणि ते मिनिट जगलेला माणूस निसटतो. त्या माणसाला काय वाटले, कुणाला आधी हाक मारली, हे सांगायला किस्साच लागतो.

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत रात्रपाळीचा सपोर्ट करणाऱ्यांकडे अशा गोष्टी नक्कीच आहेत. गोपनीयतेच्या करारांमुळे त्या टपरीवरच्या चहापलीकडे जात नाहीत. त्या मराठीत लिहिलेल्या मला वाचायच्या आहेत. ग्राहकाचे नाव गाळले तरी चालेल. बिघाड कसा हुडकला, तो भाग मात्र पूर्ण हवा.