अकलूजची 'सेत्ते' : नाव इटलीचं, ऊन माळशिरसचं

फेब्रुवारी-मार्च उजाडला की इथल्या सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डब्यांतून हिरवी, बिनबियांची द्राक्षं येतात. डबा उलटा करून पाहायची आपल्या सगळ्यांनाच सवय. 'इंडिया' दिसलं की हात आपोआप पुढे जातो, कारण माल बहुधा नाशिक-सांगली-सोलापूरकडचा, रॉटरडॅमला उतरलेला. वाईनच्या फळीवर मात्र चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हजर आणि महाराष्ट्र गैरहजर! म्हणून मागच्या खेपेला पुण्याहून येताना 'सेत्ते'च्या दोन बाटल्या साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणल्या. (युरोपबाहेरून येताना माणशी चार लिटर वाईन विनाशुल्क आणता येते, तेव्हा काळजी नसावी.)

पहिली बाटली शेजारच्या डच जोडप्याबरोबर उघडली. लेबल मुद्दाम रुमालाने झाकलं होतं. शेजाऱ्याने घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाला, "इटली?" मला कोण आनंद झाला! रात्री भांडी आवरताना मात्र तो आनंद थोडा खुपायला लागला. अकलूजच्या वाईनला कोणी इटलीची म्हणालं, तर ते कौतुक की आणखी काही?

'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ आणि 'सेत्ते' म्हणजे सात. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीतल्या टस्कनीचे सेच्ची अशा तीन घराण्यांतल्या भावांच्या जोड्या, आणि सातवे टस्कनीचेच वाईनतज्ज्ञ पिएरो मासी. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात 2006च्या सुमारास हा उद्योग उभा राहिला. अकलूज म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि लावणी स्पर्धा आठवणार. नीरेच्या कालव्याखाली ऊस, आणि कालव्याचं पाणी पोचत नाही तिथे मुरमाड माळ. उसाला नकोशी अशी हलकी, पाणी न धरणारी जमीन वाईनच्या द्राक्षाला मानवते. वेल जरा उपाशी राहिला की फळ लहान आणि रस दाट.

सेत्ते ही सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची वाईन, फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवलेली. ही जोडी टस्कनीत 1970च्या दशकात गाजली. तिथल्या कियांतीच्या नियमांना कंटाळलेल्या अँटिनोरी घराण्याने 'तिन्यानेल्लो'मध्ये सांजोवेझेला काबर्नेची जोड दिली. नियम मोडल्यामुळे तिची गणना साध्या टेबल वाईनमध्ये झाली, पण किंमत आणि मान दोन्ही वरचे मिळाले. अकलूजला ती जोडी आयती आली. बंडखोरी मात्र टस्कनीतच राहिली.

आणि हवामान तर अगदी उलटं. टस्कनीतला वेल हिवाळाभर झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देतो. आपल्याकडचा वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो : एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. मग फळ थंडीत पिकतं आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी चालते. अकलूज नाशिकपेक्षा सखल आणि उष्ण. दिवसा ऊन तापलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. इकडे दक्षिण लिंबुर्खमध्ये डच बागायतदार उन्हासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात, तिकडे ऊन आवरता आवरत नाही.

हे सगळं पेल्यात कळतं. रंग गडद. वासाला पिकलेली चेरी, थोडी तंबाखू आणि भरपूर लाकूड. पहिला घोट जिभेला चांगलाच आवळतो. तासाभराने ती मोकळी होते आणि मग तळाशी एक उबदार, सुकवलेल्या फळासारखी गोडसर चव लागते. मला ती सर्वांत आवडली, कारण ते माळशिरसचं ऊन आहे. पण त्यावर ओकचा व्हॅनिलासारखा दरवळ इतका पसरलेला, की पाहुण्याला इटलीच आठवावी. आणि सांजोवेझेची खरी खूण, म्हणजे जेवताना पुढच्या घोटाची ओढ लावणारा आंबटपणा, तो काबर्नेच्या अंगाखाली दबून गेलाय. वाईन धिप्पाड आहे, चपळ नाही.

'भारतीय असून चांगली आहे' असं आपण पटकन म्हणतो. त्यात लाड आहे, परीक्षण नाही. भारतात एका सेत्तेला जे पैसे पडतात, तेवढ्यात इथे उत्तम कियांती क्लासिको मिळते. त्या तुलनेत सेत्ते शक्तीत कमी पडत नाही, तोलात पडते. टस्कनीची आठवण करून देण्यापेक्षा तिने लाकूड कमी करून ती उन्हाची चव पुढे आणली असती, तर मी रुमाल बांधलाच नसता. समोर इटालियन आकडा आणि गावाचं नाव फक्त पत्त्यात, हेही मला पटलेलं नाही.

एक दोष मात्र वाईनचा नाही. पुण्यातल्या एका दुकानात या बाटल्या काचेजवळ, दुपारच्या उन्हात उभ्या होत्या. तशी बाटली घेऊ नका. कितीही चांगली वाईन असली तरी ती आतून शिजते. मी दुसऱ्या, थंड दुकानातून घेतल्या.

दुसरी बाटली आम्ही घरीच, सोलापुरी काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर उघडली. ती चूक झाली. तुरट वाईन आणि तिखट एकत्र आले की दोघांचीही आग वाढते. रस्सा बाजूला ठेवून जुन्या खाउडा चीजचे तुकडे काढले, तेव्हा कुठे वाईन पुन्हा बोलायला लागली. शेजारी त्या दिवशीही डोकावला होता. या वेळी लेबल उघडंच होतं. त्याने 'अकलूज' हा शब्द तीनदा म्हणून पाहिला. शेवटचा 'ज' त्याला काही जमला नाही, पण नकाशात गाव कुठे आहे ते मात्र त्याने शोधून काढलं.